विज्ञान कसे शिकवावे याचेच संशोधन: अमेरिकन विद्यापीठांतले एक वेगळे करिअर

आपल्या मंडळींमध्ये अमेरिकेत विज्ञान किंवा इंजिनिअरिंगचे प्राध्यापक असलेले कमी नाहीत. शाळेत शिकवणारेही आहेत. पण या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा व्यवसाय आहे, आणि त्याची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना असते. फिजिक्स, केमिस्ट्री किंवा बायोलॉजीच्या विभागात बसून 'विद्यार्थी हा विषय कसा शिकतात, कुठे अडतात आणि काय केले तर शिकतात' याचे संशोधन करणारे प्राध्यापक इथे आहेत. वर्गात वापरायची साधने, सॉफ्टवेअर आणि प्रयोग तयार करणारेही त्यांच्यातच मोडतात.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. विज्ञानात पीएच.डी. करताना ज्यांना प्रयोगशाळेपेक्षा वर्गात जास्त रमायला होते, ते पहिले. महाराष्ट्रात एम.एस्सी. करून पाच-दहा वर्षे कॉलेजात शिकवले आणि लग्नानंतर किंवा जोडीदाराच्या नोकरीमुळे इथे आले, ते दुसरे (यात बहुतेक जणी आहेत हे सांगायला नको). आणि सॉफ्टवेअरमधले जे लोक शिक्षणाच्या क्षेत्रात वळू पाहतात, ते तिसरे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकू, कारण सगळा लेख तिच्याभोवती आहे. या क्षेत्रात 'छान शिकवतो' किंवा 'छान शिकवते' एवढे पुरत नाही. विद्यार्थी खरोखर शिकले का, हे पुराव्याने दाखवावे लागते. ज्याला हे मोजण्यात गोडी वाटते त्याच्यासाठी हे करिअर आहे. ज्याला फक्त फळ्यासमोर उभे राहण्याची गोडी आहे त्याच्यासाठीही मार्ग आहेत, पण ते वेगळे आहेत आणि त्यांतली नोकरीची शाश्वतीही वेगळी आहे.

हे क्षेत्र कसे उभे राहिले

ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि आपल्या शाळा-कॉलेजांतले विज्ञान मागे पडले, अशी अमेरिकेत ओरड झाली. त्याच्या आधीच, १९५६ मध्ये, एमआयटीचे जेरॉल्ड झकारायस यांनी शाळेतला फिजिक्सचा अभ्यासक्रम नव्याने लिहिण्यासाठी शास्त्रज्ञांना एकत्र आणले होते. पीएसएससी या नावाने हा अभ्यासक्रम ओळखला जातो. स्पुटनिकनंतर अशा कामांना सरकारी पैसा भरपूर मिळू लागला. नॅशनल सायन्स फाउंडेशन, म्हणजे एनएसएफ, ही त्यातली मुख्य संस्था.

याच काळात बर्कलीचे रॉबर्ट कार्प्लस प्राथमिक शाळेच्या विज्ञानाकडे वळले. ते क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्ये नाव मिळवलेले सैद्धांतिक शास्त्रज्ञ होते. मुलांना आधी वस्तू हाताळू द्यावी, मग संकल्पनेला नाव द्यावे, आणि शेवटी ती संकल्पना नव्या ठिकाणी वापरायला लावावी, असा तीन टप्प्यांचा 'लर्निंग सायकल' त्यांच्या कामातून पुढे आला. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो. आधी व्याख्या, मग सूत्र, मग उदाहरण आणि वेळ उरला तर प्रयोग!

विद्यापीठाच्या पातळीवर या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांत लिलियन मॅकडरमट यांचे नाव फार वर घ्यावे लागेल. कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी १९५९ मध्ये न्यूक्लिअर फिजिक्समध्ये पीएच.डी. केली. पती सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये फिजिक्सचे प्राध्यापक होते, आणि पती-पत्नींना एकाच ठिकाणी नेमायचे नाही या त्या काळच्या नियमामुळे त्यांना तिथे नियमित पद मिळू शकत नव्हते. जोडीदाराच्या नोकरीपायी स्वतःची पदवी बासनात बांधून ठेवावी लागलेल्या आपल्या अनेक मैत्रिणींना ही अडचण ओळखीची वाटेल. अर्नोल्ड ॲरन्स हे प्राध्यापक त्या विद्यापीठात शिक्षकांसाठी अभ्यासक्रम चालवत असत. मॅकडरमट त्या कामात आल्या, १९७३ मध्ये विभागाच्या नियमित प्राध्यापक झाल्या, आणि फिजिक्स शिकण्या-शिकवण्यावरच्या संशोधनासाठी फिजिक्सचीच पीएच.डी. देण्याची प्रथा त्यांनी तिथे रुजवली. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या गटात तयार झालेले लोक आज अमेरिकेतल्या अनेक विभागांत आहेत.

त्यांच्या कामाचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. तीन जोडण्या घ्या. पहिलीत एक बॅटरी आणि एक दिवा. दुसरीत तशीच बॅटरी आणि दोन दिवे एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये. तिसरीत तशीच बॅटरी आणि दोन दिवे पॅरललमध्ये. पाचही दिवे अगदी सारखे आणि बॅटरी आदर्श. आता प्रकाशाप्रमाणे त्यांचा क्रम लावा. गणित काहीच नाही. तरीही कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्सचा कोर्स घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनाच हे बरोबर जमले. (उत्तर: एकटा दिवा आणि पॅरललमधले दोन सारखे प्रखर, सिरीजमधले दोन एकमेकांसारखे पण मंद.) हीच मुले किर्चहॉफचे नियम लावून अवघड सर्किटे सोडवत होती. गणित येते, पण विजेचे काय चालले आहे ते कळत नाही, हा त्यातला मुद्दा.

एका चाचणीने केलेला बदल

ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांचे विद्यार्थी इब्राहिम हलून यांनी १९८५ मध्ये न्यूटनच्या नियमांविषयी विद्यार्थ्यांच्या मनात असलेल्या समजुती तपासणारी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातून १९९२ मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी आली. आजच्या रूपात तिच्यात ३० प्रश्न आहेत, सगळे साध्या भाषेत. अवजड ट्रक आणि छोटी गाडी यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावते, असा त्यातला एक प्रश्न. न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी मुलेही 'ट्रक' असे उत्तर देतात.

हार्वर्डचे एरिक माझूर यांनी हेस्टेनिस यांचे लेख १९९० मध्ये वाचले. आपल्या विद्यार्थ्यांना हे सहज येईल असे त्यांना वाटत होते, कारण विद्यार्थी त्यांना चांगले शिक्षक मानत होते. चाचणी दिल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवले तशी लिहायची, की मला वाटते तशी? या प्रश्नाने ते चपापले. निकालही निराशाजनक लागला. त्यानंतर त्यांनी 'पिअर इन्स्ट्रक्शन' ही पद्धत बसवली. थोडे शिकवायचे, एक संकल्पनात्मक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. त्यांचे याच नावाचे पुस्तक १९९७ मध्ये आले.

पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, इंडियाना विद्यापीठाचे रिचर्ड हेक यांनी ६२ कोर्समधल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. कोर्सच्या सुरुवातीला जेवढे येत नव्हते त्यातले किती भरून निघाले, हे त्यांनी मोजले. नुसत्या व्याख्यानांच्या कोर्समध्ये हे प्रमाण सरासरी ०.२३ होते, तर विद्यार्थ्यांना वर्गात कामाला लावणाऱ्या कोर्समध्ये ०.४८. याच सुमारास, १९९९ मध्ये, अमेरिकन फिजिकल सोसायटीने असे संशोधन फिजिक्सच्या विभागातच व्हावे याला अधिकृत पाठिंबा दिला. करिअरच्या दृष्टीने हा ठराव महत्त्वाचा ठरला. तोपर्यंत असे काम करणाऱ्याला 'हे फिजिक्स नव्हे, एज्युकेशन विभागात जा' असे ऐकावे लागे. २००५ पासून त्या सोसायटीचे या विषयाला वाहिलेले स्वतंत्र जर्नल आहे.

२०१४ मध्ये विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापास होणारे सरासरी ३३.८ टक्के, तर सक्रिय पद्धतीच्या वर्गात २१.८ टक्के. मोठ्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीला हजार-दीड हजार मुले असतात. तिथे हा फरक म्हणजे शंभराहून अधिक मुलांचे इंजिनिअरिंग किंवा मेडिकलचे स्वप्न राहणे किंवा जाणे. डीन आणि प्रोव्होस्ट मंडळी या विषयाकडे लक्ष देऊ लागली ती यामुळे.

तंत्रज्ञानाची बाजू

वर्गातले तंत्रज्ञान म्हणजे पॉवरपॉइंट नव्हे. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्येच 'प्लेटो' ही संगणकावर शिकवण्याची यंत्रणा सुरू केली होती. त्याच विद्यापीठाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी पुढे 'आयक्लिकर' तयार केला. तीनशे मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे उत्तर क्षणात प्राध्यापकाला दिसावे म्हणून वापरतात ते हे छोटे रिमोट. मुलांच्या पुस्तकांच्या बिलात ते पाहिले असेल. ऑनलाइन गृहपाठाचे 'वेबअसाइन' नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या फिजिक्स विभागातून १९९० च्या दशकात निघाले. तिथल्याच रॉबर्ट बाइकनर यांनी 'स्केल-अप' नावाची वर्गखोली बसवली. नऊ-नऊ मुलांची गोल टेबले, भिंतीभर फळे, आणि प्राध्यापक मध्ये फिरतो. एमआयटीने २००० च्या दशकात पहिल्या वर्षाचे फिजिक्स अशाच खोल्यांत नेले.

सर्वांत परिचित उदाहरण कार्ल वीमन यांचे. २००१ मध्ये त्यांना फिजिक्सचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढच्याच वर्षी, पारितोषिकाच्या रकमेतला काही भाग घालून, त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. विज्ञानातल्या संकल्पना खेळून पाहता येतील अशी ही सिम्युलेशन्स मोफत आहेत आणि त्यांतली बरीच मराठीतही भाषांतरित झाली आहेत. पुण्या-मुंबईतल्या भाचरांना पाठवायला ही चांगली भेट आहे. पण करिअरच्या दृष्टीने पाहायचे ते त्यामागचे काम. सिम्युलेशन तयार होताना विद्यार्थ्यांना एकेकट्याने बसवून, मोठ्याने विचार करायला सांगून, ते कुठे गोंधळतात हे टिपतात आणि मग ते बदलतात. या कामाला विषयतज्ज्ञ, प्रोग्रॅमर, डिझायनर आणि संशोधक असे चौघेही लागतात.

वीमन पुढे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर स्टॅनफर्डला गेले. कॅनडातला त्यांच्या गटाचा २०११ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या दोन मोठ्या तुकड्या होत्या. एकीला अनुभवी, विद्यार्थ्यांना आवडणाऱ्या प्राध्यापकाने नेहमीप्रमाणे व्याख्याने दिली. दुसरीला अनुभव फारसा नसलेल्या, पण या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी एक आठवडा शिकवले. नंतरच्या चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी ४१ टक्के आली, दुसरीची ७४.

एज्युकेशन विभागाच्या बाजूने पाहिले तर 'टीपॅक' ही चौकट जगभर शिकवली जाते. विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तीन सुटी नसून एकमेकांत गुंतलेली असतात, हे तिचे सार. मिशिगन स्टेट विद्यापीठात असताना पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर यांनी ती २००६ मध्ये मांडली. मिश्र हे मुंबईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकलेले आहेत.

पदे किती प्रकारची असतात

जाहिरातीत सगळीकडे 'फॅकल्टी' असे लिहिलेले असले तरी पदांत मोठा फरक असतो. मुख्य प्रकार असे:

१. विज्ञान विभागातले टेन्युअर-ट्रॅक पद. असिस्टंट प्रोफेसर म्हणून सुरुवात, साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरचा निर्णय. शोधनिबंध, एनएसएफसारख्या संस्थांची अनुदाने आणि पीएच.डी.चे विद्यार्थी अपेक्षित. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या चंद्रलेखा सिंग याचे चांगले उदाहरण आहेत. आयआयटी खरगपूरनंतर त्यांनी अमेरिकेत फिजिक्सच्या पारंपरिक विषयात पीएच.डी. केली, मग क्वांटम मेकॅनिक्स विद्यार्थ्यांना का जड जाते या संशोधनाकडे वळल्या, आणि पुढे अमेरिकेतल्या फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

२. एज्युकेशन विभागातले टेन्युअर-ट्रॅक पद. इथे सायन्स एज्युकेशन किंवा एज्युकेशनल टेक्नॉलॉजी शिकवायचे आणि भावी शिक्षक तयार करायचे. अमेरिकन शाळेत शिकवण्याचा अनुभव बऱ्याच ठिकाणी मागतात. आपल्याकडून थेट आलेल्यांना ही अट अडते.

३. टीचिंग प्रोफेसर किंवा लेक्चरर. मुख्य काम शिकवणे आणि मोठे कोर्स सुधारणे. करार एक, तीन किंवा पाच वर्षांचे. काही ठिकाणी याला टेन्युअरसारखी सुरक्षितता असते. कॅलिफोर्निया विद्यापीठात तशी वेगळी श्रेणीच आहे. इतर अनेक ठिकाणी मात्र नाव तेच आणि करार दरवर्षी नवा!

४. कम्युनिटी कॉलेज. संशोधनाची अट नाही. सत्राला पाच कोर्सपर्यंत शिकवावे लागते. इथे पीएच.डी. आवश्यक नसते. मास्टर्स पदवी आणि त्या विषयात १८ ग्रॅज्युएट क्रेडिट्स, हा नेहमीचा निकष. भारतातल्या एम.एस्सी.ला हा दरवाजा खरोखर उघडा आहे, आणि तो फार कमी जणांना माहीत असतो.

५. टीचिंग सेंटरमधली नोकरी. इन्स्ट्रक्शनल डिझायनर, एज्युकेशनल डेव्हलपर अशी नावे असतात. हे प्राध्यापक नव्हे, स्टाफ. काम वर्षभर आणि टेन्युअर नाही, पण मागणी बऱ्यापैकी. इतर प्राध्यापकांना कोर्स बांधायला मदत करायची. सॉफ्टवेअरमधून येणाऱ्यांना हा मार्ग सोपा.

६. ॲडजंक्ट. दर कोर्समागे मानधन, बहुधा आरोग्य विमा नाही, पुढच्या सत्राची खात्री नाही. इथला पहिला अनुभव मिळवायला एक-दोन सत्रे ठीक. पण 'यातूनच पुढे पर्मनंट होऊ' या आशेवर वर्षे घालवू नयेत. तसे क्वचितच होते.

इंजिनिअर मंडळींसाठी एक जोड: पर्ड्यू आणि व्हर्जिनिया टेक इथे २००४ पासून 'इंजिनिअरिंग एज्युकेशन' हा स्वतंत्र विभागच आहे. तिथे या विषयात पीएच.डी. करता येते.

शिक्षण कोणते घ्यावे

टेन्युअर-ट्रॅकसाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे विज्ञान विभागातच शिक्षणविषयक संशोधनात पीएच.डी. फिजिक्समध्ये वॉशिंग्टन, कोलोरॅडो, मेरीलँड, ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट, पिट्सबर्ग अशा ठिकाणी हे गट आहेत, तर केमिस्ट्रीत पर्ड्यूचे नाव जुने. दुसरा म्हणजे पारंपरिक विषयात पीएच.डी. करून पोस्ट-डॉक शिक्षण-संशोधनात करायचे. विज्ञान विभागाची पदवी असेल तर पुढे विज्ञान विभागात नेमणूक मिळणे सोपे जाते. पैशाचाही फरक आहे. विज्ञान विभागात टीचिंग असिस्टंटशिप आणि फी-माफी बहुतेक मिळते, एज्युकेशन विभागात ती गृहीत धरू नये.

फक्त कोर्स डिझाइनकडे जायचे असेल तर इंडियाना, फ्लोरिडा स्टेट, पर्ड्यू अशा विद्यापीठांच्या मास्टर्स पदव्या उपयोगी पडतात. काही पूर्ण ऑनलाइन आहेत.

भारतातल्या बी.एड.चा उपयोग विद्यापीठात थोडा, शाळेच्या लायसन्ससाठी जास्त. नेट-सेट परीक्षांना इथे वजन नाही. कॉलेजातल्या अनुभवाला मात्र आहे, पण तो मांडावा लागतो. 'दहा वर्षे अनुभव' एवढे लिहून भागत नाही. कोणते कोर्स, किती मुले, काय बदलले आणि त्याने काय फरक पडला, हे लिहावे लागते. बारावीच्या निकालाच्या आणि युनिव्हर्सिटीच्या पेपरांच्या धबडग्यात आपण असा हिशेब कधी ठेवलेला नसतो. भारतात अजून शिकवत असलेल्या आणि पुढेमागे इकडे येणाऱ्या नातेवाइकांना हे आजच सांगून ठेवा. पदव्यांचे मूल्यांकन मान्य संस्थेकडून करून घ्यावे आणि गुणपत्रिकांच्या प्रती विद्यापीठाकडून सीलबंद मागवून ठेवाव्यात. त्याला महिने लागतात!

अर्ज आणि मुलाखत

टेन्युअर-ट्रॅकच्या जाहिराती साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये येतात आणि नेमणूक पुढच्या ऑगस्टपासून असते. कम्युनिटी कॉलेजच्या वर्षभर येत राहतात. अर्जात सीव्ही, पत्र, शिकवण्याविषयीचे निवेदन आणि तीन शिफारसपत्रे असतात. संशोधनाचे पद असेल तर त्याचेही निवेदन.

मुलाखत एक-दोन दिवसांची असते आणि तिच्यात नमुना वर्ग घ्यावा लागतो. आपली मंडळी इथे नेहमी एक चूक करतात. सुरेख, खाडाखोड न करता फळा भरतात आणि पन्नास मिनिटे बोलतात. समिती पाहत असते ती मुले काय करताहेत हे. एक चांगला प्रश्न टाकून, चुकीची उत्तरे बाहेर काढून, त्यांवर मुलांना बोलायला लावणारा उमेदवार पुढे जातो.

उच्चारांची भीती अनेकांना वाटते. परदेशी टीचिंग असिस्टंटची बोलण्याची चाचणी बऱ्याच विद्यापीठांत असते, ती द्यावी लागते. पण वर्गातले बरेच बोलणे विद्यार्थ्यांनी करायचे असेल तर उच्चारांचे ओझेही कमी होते, हा या पद्धतीचा एक न सांगितलेला फायदा आहे.

व्हिसाविषयी थोडेसे

विद्यापीठांना एच-१बीच्या वार्षिक कोट्याची मर्यादा लागू होत नाही, त्यामुळे लॉटरीची टांगती तलवार नसते. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. अर्ज करतेवेळी त्याची स्थिती काय आहे हे वकिलाकडून तपासून घ्यावे. एच-४ वर असलेल्या जोडीदारांना, एच-१बीधारकाची ग्रीन कार्डची आय-१४० मंजूर असल्यास, मे २०१५ च्या नियमाने कामाचा परवाना मिळू शकतो. परवाना नसला तरी एच-४ वर शिकता येते. बऱ्याच जणींनी पदवीसाठी याच काळाचा उपयोग केला आहे.

अडचणीही समजून घ्या

पहिली अडचण पैशाची. हे संशोधन एनएसएफवर फार अवलंबून आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेगन सरकारने तिथला शिक्षणाचा निधी जवळजवळ संपवला होता. २०२५ मध्ये एनएसएफने चालू अनुदाने मोठ्या संख्येने मध्येच रद्द केली आणि त्यांत विज्ञान-शिक्षणाच्या प्रकल्पांचा वाटा मोठा होता. अनुदानावर चालणाऱ्या पोस्ट-डॉक किंवा संशोधकाच्या पदावर जाताना पैसा कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे लेखी विचारावे. त्यात संकोच नको.

दुसरी अडचण विद्यार्थ्यांच्या मतांची. हार्वर्डमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की सक्रिय वर्गात मुले जास्त शिकली, पण त्यांना मात्र आपण कमी शिकलो असे वाटले. डोके चालवावे लागले की ते जड वाटते. सुबक व्याख्यान ऐकले की सगळे कळल्यासारखे वाटते. सत्राच्या शेवटी मुलांनी दिलेल्या गुणांवर ज्याचा करार ठरतो, त्या नव्या लेक्चररला याचा फटका बसू शकतो. म्हणून आपण असे का शिकवतो आहोत हे पहिल्या दिवशी मुलांना सांगणे, आणि आधी-नंतरच्या चाचण्यांचे आकडे विभागप्रमुखांना दाखवणे, हे दोन्ही करावे.

तिसरी अडचण मानाची. 'संशोधन जमले नाही म्हणून शिकवण्यावर संशोधन करतो' असे समजणारे सहकारी आजही भेटतात. नोबेल विजेता या कामात उतरल्यावरही हा समज पुरता गेलेला नाही.

भारताशी असलेला दुवा

हे क्षेत्र फक्त अमेरिकेत आहे असे नाही. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे. मानखुर्दच्या या केंद्रात सायन्स एज्युकेशनमध्ये पीएच.डी. करता येते आणि 'एपिस्टीम' ही आंतरराष्ट्रीय परिषद हे केंद्र २००४ पासून भरवते. आयआयटी मुंबईत २०१० पासून एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत पीएच.डी.ची सोय आहे. परत जाऊ इच्छिणाऱ्यांनी आणि तिकडून इकडे येऊ इच्छिणाऱ्यांनी या दोन्ही ठिकाणांकडे जरूर पाहावे.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. हे पद टेन्युअर-ट्रॅक आहे का? नसेल तर करार किती वर्षांचा, आणि नूतनीकरण कोण, कशावरून ठरवते?
२. पगार विद्यापीठाच्या बजेटमधून की अनुदानातून? नऊ महिन्यांचा की बारा?
३. बढतीच्या वेळी शिक्षणविषयक शोधनिबंध विभाग संशोधन म्हणून धरतो का? हे लेखी नियमात आहे का?
४. दर सत्राला किती कोर्स आणि किती मुले?
५. याआधी या पदावर कोण होते, आणि ते का गेले?

शेवटचा प्रश्न विचारायला अवघड, पण त्याचे उत्तर सर्वांत उपयोगी. सरकारी विद्यापीठांचे पगार बऱ्याच राज्यांत जाहीर असतात, तेही आधी पाहून जावे.

आपल्या समाजात चांगल्या शिक्षकाला मान आहे आणि गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांची परंपराही मोठी आहे. ती इथे उपयोगी पडते, पण फळ्यावरच्या सुंदर अक्षरामुळे नव्हे. समोरच्या मुलाला नक्की काय कळले नाही हे शोधून काढण्याची चिकाटी ज्याच्याकडे आहे, त्याला या क्षेत्रात जागा आहे.